हे कपडे कोनं शिवले?

मे महिन्यातली दुपार. कुलरमध्ये पाणी टाकून टाकून मी थकलो होतो आणि मोबाइलवर बर्फ बघत बसलो होतो. आयझॅक ज्युलियन या ब्रिटिश कलावंताची २००४ सालची 'ट्रू नॉर्थ' ही फिल्म, मॅथ्यू हेन्सन या माणसावरून सुचलेली. दालनात ती तीन पडद्यांवर चालते. माझ्या वाट्याला आले तिचे तुकडे न् फोटो, तेही रेंज होती तोवर.

मी आर्वी तालुक्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. उत्तर ध्रुव म्हटलं की तिथं पोचलेला अमेरिकन रॉबर्ट पिअरी, एवढंच आम्ही पाठ केलेलं. हेन्सन हे नाव चाळिशी ओलांडल्यावर कळलं. हा कृष्णवर्णीय अमेरिकन माणूस पिअरीसोबत वर्षानुवर्षं हिंडला, स्लेज बांधायचा, कुत्री हाकायचा, तिकडच्या मूळ रहिवाशांशी, इन्युइटांशी, त्यांच्याच भाषेत बोलायचा. परत आल्यावर पिअरीला मानसन्मान, याला न्यूयॉर्कच्या कस्टममध्ये कारकुनी. १९५५ साली गेला. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत जागा मिळाली ती १९८८ साली. (ते नेमके ध्रुवावर पोचले का, हा वाद वेगळाच.)

ज्युलियननं हेन्सनच्या जागी व्हेनेसा मायरी या कृष्णवर्णीय स्त्रीला बर्फावर चालवलं आहे. मला ते फार आवडलं. माय बाजूला बसून फाटक्या चुंगड्या शिवत होती, दाभण-सुतळी घेऊन. तिला म्हटलं, हा खरा फोटो बघ. एप्रिल १९०९. बर्फाच्या ढिगावर पाच जण, हातात झेंडे. मधे हेन्सन, आजूबाजूला उताह, एगिंग्वाह, सीग्लू, उकिआ हे चार इन्युइट. पिअरी दिसत नाही, कारण कॅमेरा त्याच्याकडे.

मायनं चष्मा लावला. "झेंडे राहू दे. हे कपडे कोनं शिवले?"

उत्तर मला शोधावं लागलं. पिअरीच्या 'रूझवेल्ट' जहाजावर १७ इन्युइट बायका होत्या. ध्रुवाकडच्या लांबलचक रात्रीत त्या कातड्याचे कपडे शिवत बसायच्या. धागा प्राण्याच्या वाळवलेल्या स्नायूचा. भिजला की फुगतो, टाक्याचं भोक बुजतं, मग बुटात पाणी शिरत नाही. हे सांगितल्यावर मायनं आपली सुतळी चिमटीत धरून पाहिली न् नाक मुरडलं. तिच्या सुतळीचं भोक काही बुजत नाही, सरकी गळतेच.

खरं सांगायचं तर माझा थोडा हिरमोड झाला. हेन्सनच्या जागी बाई आली, पण मी पाहिलेल्या तुकड्यांत तरी सुई कुठं दिसली नाही.

माय मात्र अजून फोटोतच होती. दोन बोटांनी तिनं एकाची बाही मोठी केली.

"बगलेत ढील सोडली पाय. हात वर केला तरी कंबर उघडी नाही पडत. अंगावर माप घेऊन शिवलं हाये हे."