आंबोलीच्या ओढ्यांत तीन दिवस: दगडाखालचे किडे बघायला जाणाऱ्यांसाठी

सकाळी साडेसातला पाण्यात हात घातला आणि बोटं बधिर झाली. डिसेंबरचा दुसरा आठवडा, आंबोलीहून चौकुळला जाणाऱ्या रस्त्यापासून जरा आत, रानातून येणारा घोटाभर पाण्याचा ओढा. पहिला दगड अलगद उलटला, तर खालच्या बाजूला चपट्या अंगाची मेफ्लायची (पाण्यात वाढून पंख फुटल्यावर उडणाऱ्या एका किड्याची) पिल्लं खेकड्यासारखी आडवी सरकत पुन्हा अंधाराकडे पळाली. हेप्टाजेनिडी कुळातली. अंग इतकं चपटं की जोराच्या धारेतही दगडाला चिकटून राहतात. शेजारी गोल, तपकिरी, नाण्यासारखं काहीतरी चिकटलेलं होतं. नखाने जरा उचललं तेव्हा खालून सहा पाय दिसले. ती एका भुंगेऱ्याची अळी, वॉटर पेनी.

आम्ही दोघी होतो. रानातलं पाणी आणि वस्तीखालचं पाणी यांतल्या किड्यांत काय फरक पडतो, ते बघायचं होतं. पहिल्या दिवशी वरची जागा आणि गावाखालची, कपडे धुतात ती जागा, अशा दोन्ही ठिकाणी जाळी लावली. वर मेफ्लाय, तिच्यासारखीच पाण्यात वाढणारी स्टोनफ्लाय, दगडांमध्ये जाळं विणून बसणाऱ्या हायड्रोसायकिडी कुळातल्या कॅडिसफ्लाय या पतंगासारख्या किड्याच्या अळ्या. खाली दगड शेवाळाने बुळबुळीत, डासासारख्या दिसणाऱ्या कायरोनोमिड माश्यांच्या लाल अळ्या आणि गोगलगायी. पाणी मात्र दोन्हीकडे सारखंच नितळ.

साबणामुळेच हे झालं, असं रात्री वहीत जवळपास लिहूनच टाकलं होतं. मग लक्षात आलं की वरच्या जागेवर दाट सावली आहे आणि खालची उघड्यावर आहे. ऊन पडलं की शेवाळ वाढतं आणि शेवाळ वाढलं की किडेही बदलतात. म्हणून दुसरा अख्खा दिवस तिसरी जागा शोधण्यात घालवला: उघडी, उन्हातली, पण जिथे कोणी कपडे धूत नाही अशी. तिथेही शेवाळ होतं, पण दगडाखाली चपट्या मेफ्लाय होत्या. म्हणजे नुसत्या उन्हाने त्या जात नाहीत. तरी एका फेरीवरून साबणाला दोषी ठरवणार नाही. तुम्ही तुलना करायला जाणार असाल तर जागा निवडायला एक पूर्ण दिवस ठेवाच. आमचा सगळ्यात चांगला खर्च झालेला दिवस तोच.

कधी जावं? नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात धार धोक्याची असते आणि पुराने दगडांवरचं बरंचसं धुऊन गेलेलं असतं. मे उजाडेपर्यंत लहान ओढ्यांची डबकी होतात.

परवानगीचं आधी बघा. वनखात्याच्या हद्दीत नमुने घ्यायचे तर लेखी परवानगी लागते, अर्ज बराच आधी करा. हिरण्यकेशी नदीच्या उगमापाशी जाळी अजिबात नको. तिथून 2020 मध्ये माशाची नवी जात नोंदली गेली आणि 2021 मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. इतर ठिकाणीही गावात विचारूनच उतरा. आम्ही विचारलं, म्हणून एक आजोबा स्वतः वाट दाखवायला आले. ट्रेमध्ये डोकावून म्हणाले, "काय गो बाय, पावसात दिव्यार येतत ते हेच काय?" हेच, आजोबा. पाण्यात वाढतात आणि पंख फुटले की दिव्यावर येतात.

सामानात 500 मायक्रॉनची (अर्धा मिलिमीटर भोकांची) जाळी, पांढरा ट्रे, मऊ ब्रश, चिमटा, भिंग, 80 टक्के अल्कोहोल. नेहमी खालून वर जात नमुने घ्या, नाहीतर आपणच ढवळलेला गाळ आपल्या जाळीत येतो. खळखळाट, डोह आणि कुजत पडलेला पाचोळा यांचे नमुने वेगवेगळे ठेवा, प्रत्येकात वेगळं बिऱ्हाड असतं. आणि चिठ्ठी पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाका. पहिल्या दिवशी मी पेनाने लिहिली, शाई अल्कोहोलमध्ये विरघळली आणि चार बाटल्या कुठल्या जागेच्या हे कळेना. जागा माहीत नसलेला नमुना कामाचा नाही, आणि ते जीव फुकट गेले याचं मला अजून वाईट वाटतं. दुसऱ्या दिवशी अल्कोहोल बदला, किड्यांच्या अंगातल्या पाण्याने ते पातळ होतं.

मेफ्लाय की स्टोनफ्लाय, असा गोंधळ झाला तर शेपट्या मोजत बसू नका. मेफ्लायला बहुधा तीन असतात, पण काहींना दोनच. भिंगाने पायाचं टोक बघा: मेफ्लायला एक नखी, स्टोनफ्लायला दोन. ट्रेमधली स्टोनफ्लाय पायांवर अंग वरखाली करत जोर काढायला लागली, तर समजा तिला प्राणवायू कमी पडतोय. लगेच ताजं पाणी घाला. मोजणीपुरतं काम असेल तर फोटो काढून सोडूनच द्या.

कुळापर्यंत ओळख पटली तरी पुष्कळ काम होतं. ब्रिटनमधल्या बीएमडब्ल्यूपी पद्धतीत कुळांना 1 ते 10 गुण असतात, प्रदूषण जितकं कमी सोसतं तितके जास्त: पर्लिडी कुळातल्या स्टोनफ्लायला 10, हायड्रोसायकिडीला 5, कायरोनोमिडना 2. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने हीच पद्धत आपल्या नद्यांसाठी बदलून घेतली आहे. सापडलेल्या कुळांच्या गुणांच्या बेरजेपेक्षा सरासरी बघा, कारण जास्त वेळ शोधलं की बेरीज आपोआप फुगते.

पायात गमबूट नकोत, पाणी भरलं की पाय उचलत नाही. जुने कॅनव्हासचे बूट घाला. दुसऱ्या ओढ्यात उतरण्याआधी जाळी आणि बूट खडखडीत वाळवा. उलटलेला प्रत्येक दगड होता तसाच, त्याच बाजूवर परत ठेवा. याच तीन जागांवर आम्ही फेब्रुवारीत पुन्हा जाणार आहोत, पाणी आटायच्या आत.