रेम्ब्रांटची टेकाडावरची बाई : पोटापर्यंत पोचलो

मंडळी, टेकाडावर बसलेल्या विवस्त्र बाईच्या एचिंगची (आम्लाने कोरलेल्या पत्र्यावरून घेतलेल्या छापाची) नक्कल निम्म्यावर आली. केस, चेहरा, खांदे झाले. आता पोटावर काम चालू आहे. मूळ छाप १६३१च्या सुमाराचा, जेमतेम १८ बाय १६ सेंटीमीटरचा. रेम्ब्रांट तेव्हा पंचविशीत होता. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमची मोठी इमेज फुकट मिळते. तीच समोर ठेवून दुप्पट आकारात, बारीक निब आणि जरा पातळ केलेली काळी शाई घेऊन काढतोय.

इमेज आरशासारखी उलटवून घ्या, फार फरक पडतो. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं छापताना उलटं होतं, म्हणजे छापातल्या रेघांचा कल कोरणाऱ्या हाताच्या कलाच्या विरुद्ध असतो. इमेज उलटवली की मनगट आपसूक त्या रेघांच्या वळणाने चालायला लागतं.

पोट मात्र घाम काढतं. नुसत्या बाह्यरेषेने ते उभंच राहत नाही. उजेडाकडे कागद जवळपास कोरा, सावलीकडे आखूड बाकदार रेघा, आणि त्या कातडीच्या घडीबरोबर वळत जातात. रेघ सरळ गेली की पोट लगेच सपाट, तरुण, पुतळ्यासारखं दिसतं. वजन खाली ओघळलेलं हवं.

मग पोटऱ्या. तिथे मोजे बांधायच्या बंदांचे वळ आहेत! बाईने कपडे आत्ताच उतरवलेत, कुठल्या पुराणातून नाही, घरातून आली आहे. हेच लोकांना खुपलं. रेम्ब्रांट जाऊन १२ वर्षं झाल्यावर, १६८१ साली, आंद्रिस पेल्स या डच कवीने टीका केली की हा चित्रकार ग्रीक व्हीनस सोडून धोबीण नाहीतर पीट (जळणाची दलदलीतली माती) तुडवणारी बाई निवडतो. ओघळलेले स्तन, पोटावर नाडीचे वळ, पायांवर बंदांचे. मला तर ती नक्कल तपासायची यादीच वाटते. बाईची टिंगल केली आहे असंही काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. ती सरळ आपल्याकडे बघते, आणि त्या बघण्यात लाजणं नाही. वेन्सेस्लाउस होलार या कोरीवकाम करणाऱ्या चित्रकाराने १६३५मध्येच याची नक्कल कोरली होती, तेव्हा आपली रांग जुनी आहे.

त्याच काळातल्या रूबेन्स या चित्रकाराने रंगवलेली आपली बायको, फर पांघरलेली एलेना फूर्मां (चित्र व्हिएन्नात आहे), बाजूला लावून पाहिली. तिच्या गुडघ्यांवरच्या खळ्या, सुरकुत्या अस्सल आहेत, पण रूबेन्स मांसावर लुब्ध आहे. इथे तसं लाडावणं नाही.

पुढचं चित्र ठरलंय : रेम्ब्रांटचीच १६५८ची शेगडीजवळची अर्धवस्त्र बाई. त्या चित्राच्या सुरुवातीच्या छापांत डोक्यावर टोपी आहे, नंतरच्यांत गायब. टोपीवालीच घेईन म्हणतो. ड्रायपॉइंटची (पत्र्यावर थेट सुईने ओरखडून काढलेली) ती मखमली, किंचित फुटलेली काळी रेघ निबने आणायची कशी, कोरड्या ब्रशने की कागदच खरखरीत घ्यावा? कुणी केलं असेल तर सांगा.