देठाचं पत्र ते हे नव्हे

तुम्ही विचारलंत म्हणून. "रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, हे शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या लष्कराला लिहिलं ना?" नाही. देठ आहे सप्टेंबर १६७६ च्या पत्रात. ते कोकणातल्या प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला लिहिलेलं, कारभारात चोरी करू नकोस म्हणून. चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना गेलेलं पत्र मे १६७४ चं, राज्याभिषेकाच्या तोंडावरचं, आणि ते दाण्या-वैरणीचं आहे.

पूर्वी मीही त्याला 'रयतेच्या कळवळ्याचं पत्र' म्हणायचो. आता चिडचिड होते, कारण त्या कळवळ्यापायी मधला सगळा हिशेब कुणी वाचत नाही.

दाभोळच्या सुभ्यात पावसाळ्यासाठी पागेचा (सरकारी घोडदळाचा) सामा, म्हणजे दाणा-वैरण, साठवला होता. कटकाचा, म्हणजे लष्कराचा, मुक्काम चिपळुणात पडला आणि त्यातला बराच उडाला. आता घाट चढून जायची सोय नाही. म्हणून गडोगडचा गल्ला देववून 'जैसी तैसी पागेची बेगमी' केलेली. पत्रात घोड्यांचा आकडा नाही. अंदाजापुरती हजार धरा. लहान चणीच्या घोड्यालाही रोज पाच-सहा किलो सुकं गवत लागतं. चार महिन्यांचे झाले सहाशे-सातशे टन, दाणा वेगळा. त्यात पागेचा घोडा सरकारचा, शिलेदारासारखा स्वतःचा नव्हे. आज पोटभर चारू, उद्याचं सरकार बघेल, ही वृत्ती यायचीच. म्हणून बजावलंय: असेल तोवर धुंदी करून चाराल, पडत्या पावसात काही मिळणार नाही, घोडी मेली तर ती 'तुम्हीच मारिली' असं होईल. रातीब (घोड्याचा रोजचा खुराक) कारकून देईल तेवढाच घ्यायचा. कोठारात शिरायचं नाही.

मला सगळ्यात अडवतो तो आगीचा भाग. गवत कापून गंज्या (पत्रात 'लहळ्या') रचतात त्या पाऊस सरल्यावर. मे महिन्यात गंजी जळाली तर पुढची कापणी पाच महिन्यांवर. पावसात हिरवं उगवतं, पण ते कोवळं, पाणीदार. राबणाऱ्या घोड्याच्या अंगी लागत नाही. भिजून बुरसलेलं सुकं घातलं तर पोटशूळ. म्हणून विस्तव कुठून कुठून येईल ते एकेक मोजलंय: आगट्या (शेकोट्या), भलत्या जागी मांडलेल्या चुली, तंबाखूसाठी नेलेला निखारा, वर सुटलेला वारा. आणि शेवटी रात्री घरात जळता राहिलेला दिवा: 'अविस्राच (अवचितच) उंदीर वात नेईल'. तेलाच्या वासाने उंदीर वात ओढतो, ती पेटती असते, आणि गवत तर सगळीकडे पडलेलं. एक खण (पागेच्या निवाऱ्याचा कप्पा) पेटला की सगळे खण जातात. यावर उपाय वाटेल त्या पहारेकऱ्याचा नाही; 'खासे खासे' असाल त्यांनी स्वतः फिरत राहायचं. नाहीतर? घोडी बांधायला नकोत, खायला घालायला नको, पागाच बुडाली! हा टोमणा आहे, आणि तो वाचून अजून हसू येतं.

"मग दया नव्हतीच का?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. अहो, होती. पण पगार पदरात टाकलाय, बाजारात जा, रीतसर विकत घ्या, हेही त्याच पत्रात सांगितलंय. कुणब्याकडून कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी फाटे (जळण). मग घर धरून राहिलेला तोही उठून जाईल. पेरणीच्या तोंडावर तो गेला तर पुढल्या वर्षीचा गल्ला गडावर कुठून चढणार? शिवाय लोक म्हणतील, मोगलांहून तुम्ही अधिक.

हे मी हिशेबातच बसवत होतो. पण पत्रातला 'तळतळाट' हा शब्द काही हिशेबाचा नाही, हे मान्य.

आणि एक ओळ तुम्ही कधीच विचारत नाही. आग लागल्यावर कुणब्यांच्या 'गर्दना मारल्या' तरी खण करायला एक लाकूड मिळणार नाही, असंही त्याच पत्रात आहे. ती ओळ दयेच्या खात्यात घालायची की लाकडाच्या, मला अजून ठरवता आलेलं नाही.