आठ हजार फेऱ्यांतला एक

शनिवार, रात्री पावणेबारा. कूलरचं पाणी संपलंय, उठून भरायचा कंटाळा येतोय आणि गिटार मांडीवर उघडी पडलीय.

पिकअपचा, म्हणजे इलेक्ट्रिक गिटारच्या तारांची थरथर पकडणाऱ्या तीन कॉइलींचा, विंटेज सेट मंगळवारी आला. माझ्या स्वस्तातल्या स्ट्रॅटोकास्टर कॉपीतले जुने काढून पाहिले तर नुसत्या लोखंडी कांड्या आणि खाली सिरॅमिक चुंबकाची पट्टी चिकटवलेली. नव्यात कांडी हीच चुंबक, अल्निको ५ ची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्टवाली. १९५४ मध्ये फेंडर कंपनीची मूळ स्ट्रॅटोकास्टर आली तेव्हापासूनची पद्धत. भोवती ४२ गेजची तार, केसाएवढी बारीक, आठेक हजार फेरे.

आणि मी काय केलं, मधल्या पिकअपचं कव्हर बसेना म्हणून जरा जोरात दाबलं आणि तार टचकन तुटली. मल्टिमीटर लावला, काहीच दाखवेना. जेवण गेलं नाही रात्री.

आज सकाळी अजिंठा चौफुलीकडच्या वाइंडिंगवाल्या काकांकडे गेलो, ते विहिरीवरच्या मोटारी भरतात, दुकानात वीस-पंचवीस उघड्या पडलेल्या, मे महिना म्हणजे त्यांचा सीझनच. पिकअप हातावर ठेवून म्हणे, "हाई काय शे रे भाऊ?" मी सांगितलं, गिटारच्या तारा लोखंडाच्या, त्या चुंबकावर हलल्या की कॉइलमध्ये करंट तयार होतो. काका हसले, म्हणजे मोटारीच्या उलटं, जनरेटरच की! (इतकं सोपं मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.) मग चष्मा कपाळावर सरकवून एकदम डोळ्याजवळ धरला. बाहेरचं टोक तुटलं होतं म्हणून वाचलं, आतलं असतं तर सगळी कॉइल सोडावी लागली असती. टाचणीने एक फेरा उचलला, ब्लेडने तारेवरचं इनॅमलचं आवरण हळूच खरवडलं, फुंकर मारली, सोल्डरचा एक थेंब. मीटरवर ५.८ किलोओहम, म्हणजे कॉइल पुन्हा जोडली गेली. पैसे घेतले नाहीत, वर चहा पाजला.

आवाज? जुन्यापेक्षा हळू आहे, पहिल्यांदा तर वाटलं फसलो. मग अँप थोडा वाढवला आणि बोट हलकं लावलं तर हलकं, जोरात तर जोरात, जुने पिकअप सगळं सारखंच ओरडायचे. पण गुणगुण! जुन्या सेटमधला मधला पिकअप उलटा गुंडाळलेला, दोन-दोन एकत्र वाजवले की हम (ही गुणगुण) जायचा. हा सेट अगदी जुन्या पद्धतीचा, तिन्ही एकाच दिशेचे, त्यामुळे पिकअप निवडायच्या स्विचच्या पाचही पोझिशनला हम, आणि घरातला फॅनचा रेग्युलेटर त्यात भर घालतो.

उद्या पारोळ्याला हळदीचा प्रोग्राम. स्टेजवर डीजेवाल्याचे दिव्यांचे डिमर असणार, म्हणजे हम आणखी, मी आत्ताच ठरवलंय, ढोलकीवाल्याच्या पलीकडे जाऊन उभा राहीन आणि गाणं संपलं की लगेच व्हॉल्यूम शून्यावर.