एसटीडी बूथ ते इंटरकॉम : आमची वाटचाल

मिरजेत दवाखाने जास्त, म्हणून बाहेरगावचे पेशंट जास्त, म्हणून घरी फोन लावणारे नातेवाईकही जास्त, एवढ्या साध्या हिशोबावर आण्णांनी पिवळ्या बोर्डाचं एसटीडी-आयएसडी बूथ, म्हणजे परगावी आणि परदेशी फोन लावायचं दुकान टाकलं. खरा धंदा रात्री उशिरा, कॉलचा दर दिवसाच्या चौथाईवर आला की. केबिनमधल्या माणसाचे डोळे मीटरच्या लाल आकड्यांवर, "ऑपरेशन झालं, बरंय, ठेवतो" एवढ्यात संपवायचा, तोवर मशीनमधून टर्रर्र करत बिल बाहेर. आमचं कमिशन बिलावर, म्हणजे गाव जितकं लांब तितकं आम्हाला बरं. गुलबर्ग्याचा कॉल लागला की आण्णा खूश.

लाईन सरकारची, दरही सरकारचाच. 1997 ला ट्राय, म्हणजे फोन कंपन्यांवर आणि दरांवर नजर ठेवणारी सरकारी संस्था आली तेव्हा काउंटरवर काहीच फरक पडला नाही. फरक पडला 1 मे 1999 ला, एसटीडी उतरलं आणि घरच्या फोनचं भाडं वाढलं. लोकं चिडली, पण खरं कारण असं की लांबच्या कॉलच्या नफ्यातून लोकलचा तोटा भरून काढला जायचा, आणि प्रायव्हेट कंपन्या येणार म्हटल्यावर ते टिकणारच नव्हतं, कारण नवीन येणारा आधी मलईच्याच गिऱ्हाईकाला हात घालणार ना.

मग ऑगस्ट 2000 ला देशातलं एसटीडी खुलं झालं, एप्रिल 2002 ला परदेशी कॉलमधली व्हीएसएनएलची (विदेश संचार निगमची) मक्तेदारी संपली. लांबच्या कॉलला कंपनी गिऱ्हाईकानं स्वतः निवडायची असंही ठरलेलं, ते मात्र कागदावरच राहिलं. माझ्या मते ते झालं असतं तर दर अजून लवकर पडले असते, आणि आमचं बूथपण अजून लवकर बसलं असतं, तो भाग वेगळा!

आम्हाला खरा दणका मे 2003 चा. मोबाईलवर इनकमिंग फुकट झालं आणि आमच्या केबिनमधून फोन करणारा माणूस उलट घरच्यांना सांगायला लागला, तुम्हीच लावा. 2006 ला बीएसएनएलनं देशभर मिनिटाला एक रुपया केला, तेव्हा आम्ही केबिन काढून तिथं रिचार्जचं काउंटर टाकलं. रिचार्जमध्ये मार्जिन किती ते करणाऱ्यालाच माहीत. 2011 ला नंबर पोर्टेबिलिटी, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय आली, कंपनी बदलणाऱ्यांची रांग लागली, पण ते काय कायमचं नव्हतं.

तोवर मी ईपीएबीएक्सचं, म्हणजे एका इमारतीतले फोन आपसात आणि बाहेरच्या लाईनला जोडणाऱ्या मशीनचं काम शिकून घेतलेलं, गिऱ्हाईक तेच जुने, दवाखाने. 2016 ला जिओ आलं आणि जिओवरून दुसऱ्या कंपन्यांच्या नंबरवर कॉल लागेनात, रिसेप्शनवाल्या आमच्यावर ओरडायच्या, "तुमचं मशीन बिघडलंय." मशीनचा काय संबंध! दोन कंपन्यांची नेटवर्कं जिथं जोडतात तिथंच जिओला जागा पुरेशी दिली नव्हती, म्हणून ट्रायनं तीन मोठ्या कंपन्यांवर मिळून 3,050 कोटींच्या दंडाची शिफारस केली होती. हे रिसेप्शनला समजावताना माझ्या नाकीनऊ आले.

एका कंपनीनं दुसरीला कॉल उतरवायचे जे पैसे द्यायचे तेपण 2017 ला मिनिटाला 14 पैशांवरून 6 वर आले आणि 1 जानेवारी 2021 पासून शून्य. आता मिनिटाचा भाव आम्हाला कुणी विचारत नाही, एक्स्टेन्शन (आतले फोन) किती आणि एएमसी, म्हणजे वर्षाचं देखभालीचं कंत्राट, कितीला एवढंच विचारतात, त्यातही घासाघीस असतेच.