तुम्ही विचारलंत म्हणून: पाखंडी म्हणजे वाईट माणूस की चुकलेला?

आरंभीच्या चर्चच्या लेखकांचा विषय निघाला की हा प्रश्न मला हमखास येतो. पाखंडमतांवर, म्हणजे चर्चनं चुकीच्या ठरवलेल्या शिकवणुकींवर, तुटून पडणारी ती जाडजूड पुस्तकं तुम्ही वाचता तरी कशी, असंही कुणी विचारतं. गोव्याचा इतिहास वाचलेलं कुणी असलं, तर इन्क्विझिशनची, म्हणजे पाखंडी शोधून शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायालयाची, मुळं यातच ना, हेही आलंच. त्याकडे शेवटी येतो.

शिवीगाळ या पुस्तकांत भरपूर आहे, नाकारत नाही. सायप्रसमधल्या सलामिसचा बिशप एपिफेनियस यानं चौथ्या शतकात 80 पाखंडांची जंत्री केली, ग्रंथाला ‘औषधांची पेटी’ असं नाव दिलं आणि एकेका मताला विषारी सापांच्या रांगेत बसवलं. तो माझ्यानं फार वेळ वाचवत नाही. पण आजच्या फ्रान्समधल्या ल्योंचा बिशप इरेनियस वाचताना मामला वेगळा होतो, कारण त्यानं ज्यांच्याविरुद्ध लिहिलं त्यांतल्या काहींना तो जवळून ओळखत होता.

रोममध्ये फ्लोरिनस नावाचा एक धर्मगुरू होता. तो व्हॅलेंटायनसच्या पंथाकडे, म्हणजे गुप्त ज्ञानानं तारण मिळतं असं मानणाऱ्यांकडे, ओढला गेला. इरेनियसनं त्याला लिहिलेल्या पत्राचा तुकडा युसेबियसनं आपल्या चर्चच्या इतिहासात उतरवून घेतला म्हणून उरला. त्यात इरेनियस म्हणतो, मी पोरगा होतो तेव्हा तुला आशियात (आजच्या पश्चिम तुर्कस्तानातल्या रोमन प्रांतात) बिशप पॉलिकार्पकडे पाहिलंय, तुझं दरबारात चांगलं बस्तान होतं आणि पॉलिकार्पनं आपल्याला बरं म्हणावं म्हणून तू धडपडायचास. हल्लीच्या गोष्टींपेक्षा ते दिवस मला जास्त आठवतात. पॉलिकार्प बसून बोलायचा ती जागासुद्धा सांगू शकेन. आणि मग म्हणतो, तुझी ही मतं त्या म्हाताऱ्याच्या कानावर पडली असती तर त्यानं कान झाकले असते, ‘देवा, कसले दिवस दाखवलेस’ म्हणाला असता आणि तिथून पळ काढला असता. वाद कमी, कळवळा जास्त. एकाच गुरूपाशी वाढलेला माणूस घसरला कसा, हे त्याला उलगडत नाही.

इ. स. 180 च्या सुमारास त्यानं पाखंडांविरुद्ध पाच भागांचा ग्रंथ लिहिला, तोही हेच कोडं घेऊन. सुरुवातीलाच सांगतो की चूक कधी उघडीनागडी समोर येत नाही, कारण तशी आली तर लगेच पकडली जाईल. ती नटूनथटून येते, खऱ्याहून खरी दिसते. पुढे त्यानं मोझेकचं उदाहरण दिलंय. कारागिरानं मौल्यवान खडे जोडून राजाचं चित्र केलं. कुणी तेच खडे उचकटले, कोल्ह्याच्या आकारात बसवले आणि म्हणाला, हाच तो राजा. खडे अस्सल आहेत. राजा कधी न पाहिलेला माणूस फसणारच.

फसलेल्यांबद्दल बोलताना त्याचा आवाज बदलतो. मार्कस नावाचा एक गुरू पेल्यातल्या द्राक्षारसाचा रंग सगळ्यांदेखत जांभळा-तांबडा करून दाखवायचा. आशियातल्या एका डीकननं (बिशपच्या हाताखालच्या सेवकानं) त्याला घरात ठेवून घेतलं. डीकनची देखणी बायको त्याच्या नादी लागली आणि बरेच दिवस त्याच्यामागून फिरली. बंधुजनांनी महाप्रयासानं तिला परत आणलं. नंतर ती सगळा वेळ कबुली देत, रडत राहिली. ऱ्होन नदीकाठच्या, म्हणजे इरेनियसच्याच भागातल्या काही बायकांचंही असंच झालं. कुणी चारचौघांत कबुली दिली, कुणाला लाज वाटली म्हणून गप्प राहून आशाच सोडली, कुणी कायमची निघून गेली, आणि कुणी धड आत ना धड बाहेर अशी राहिली. पूर्ण ग्रंथात मला सगळ्यात खरी वाटणारी माणसं म्हणजे या शेवटच्या बायका. मार्कसला ख्रिस्तविरोधकाचा अग्रदूत म्हणणाऱ्या इरेनियसला त्यांना काय म्हणावं हे कळत नाही, आणि तो काही म्हणतही नाही.

उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा लेखक टर्टुलियन तसा नाही. तो पक्का वकिली डोक्याचा. बिशप, डीकन, विधवा, कुमारिका, गुरू, रक्तसाक्षीसुद्धा (श्रद्धेपायी छळ सोसलेला) घसरला तर काय, असा प्रश्न करून तो विचारतो: माणसांवरून श्रद्धा पारखायची की श्रद्धेवरून माणसं? उत्तर गृहीत आहे. पुढे काही वर्षांनी हे महाशय स्वतःच स्वतःला संदेष्टा म्हणवणाऱ्या मोंटॅनसच्या ‘नव्या संदेशा’च्या बाजूला गेले. अर्थात आपण घसरलो असं त्यांना मुळीच वाटलं नाही.

तसं व्हॅलेंटायनसच्या अनुयायांनाही वाटत नव्हतं. त्यांच्याकडे ‘सत्याचं शुभवर्तमान’ नावाचं पुस्तक आहे, असं इरेनियस सांगतो. 1945 मध्ये इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ सापडलेल्या कॉप्टिक (इजिप्तच्या ख्रिस्ती लोकांच्या भाषेतल्या) पोथ्यांत याच शब्दांनी सुरू होणारा एक ग्रंथ आहे. पित्याविषयीच्या अज्ञानातून भीती उपजली, ती धुक्यासारखी दाटली, कुणालाच काही दिसेना आणि त्या धुक्यात भ्रांती बळावली, असं तो सांगतो. म्हणजे भ्रांतीत पडलेले ‘ते’, हे दोन्हीकडून चाललं होतं.

तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर सापडतं ते उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन याच्याकडे. तो स्वतः सुमारे नऊ वर्षं मानी पंथात, म्हणजे प्रकाश आणि अंधार अशी दोन तत्त्वं मानणाऱ्या पंथात, होता. बिशप झाल्यावर त्याच पंथाविरुद्ध लिहिताना तो म्हणतो, सत्य शोधायला किती कष्ट पडतात आणि चुका टाळणं किती अवघड असतं हे ज्यांना माहीत नाही, त्यांनी तुमच्यावर खुशाल संतापावं. मला ते जमायचं नाही. आणि एका पत्रात तर स्पष्टच लिहितो: चुकीचं मत ज्याला भुललेल्या आईबापांकडून मिळालं, जो ते हट्टानं धरून बसत नाही, सत्य शोधतो आणि सापडल्यास सुधारायला तयार आहे, त्याला पाखंडी समजू नये.

आता गोव्याचं. हाच ऑगस्टीन 408 च्या सुमारास एका पत्रात मान्य करतो की ऐक्यासाठी कुणावर सक्ती करू नये असं आपलं आधी मत होतं, पण उदाहरणांनी ते बदललं. पहिलं उदाहरण त्याच्या स्वतःच्या गावाचं. ते गाव पूर्वी डोनाटिस्टांच्या, म्हणजे उत्तर आफ्रिकेत चर्चपासून फुटलेल्या गटाच्या, बाजूचं होतं आणि सम्राटाच्या कायद्यांच्या धाकानं चर्चमध्ये परतलं. पुढे त्यानं शुभवर्तमानातल्या मेजवानीच्या दाखल्यातलं ‘त्यांना आत येण्यास भाग पाड’ हे वाक्यही सक्तीच्या बाजूनं वापरलं, आणि मध्ययुगातल्या चर्चच्या कायदेपंडितांनी सक्तीचं समर्थन करताना त्याचाच आधार घेतला. गोव्यात इन्क्विझिशन आलं 1560 मध्ये. मधल्या अकराशेहून जास्त वर्षांचा हिशेब एकट्या ऑगस्टीनच्या खात्यावर टाकता येत नाही, पण त्याचं नाव खोडताही येत नाही. गावाबद्दलचं ते पत्र वाचताना मला खटकतं ते एवढंच की धाकानं परतलेल्यांपैकी किती जण धड आत ना धड बाहेर राहिले, हे त्यानं विचारलंच नाही.