ऊन नसलेल्या गावात ऊन मोजायची नोकरी

"तिकडे सहा महिने ऊनच नाही, आणि तुला ऊन मोजायचा पगार देतात?" सुधाकाकूचा हा प्रश्न मी सुट्टीवर पार्ल्याला आलो की ठरलेला. यंदा गच्चीवर पापड वाळत घालताना विचारला, म्हणजे मुंबईचं मे महिन्यातलं ऊन डोक्यावर घेऊनच. तोंडी उत्तर दिलं की काकू मध्येच "बरं, आंबा घे" म्हणते, म्हणून या वेळी लिहून टाकतो.

आधी सहा महिन्यांचं. ती रात्र अगदी ध्रुवावरची. मी राहतो ते सोदांकुला फिनलंडच्या उत्तरेला, आर्क्टिक वृत्ताच्या थोडं वर. आमच्याकडे डिसेंबरात काही दिवस सूर्य क्षितिजावर येत नाही, आणि त्याची भरपाई म्हणून जूनमध्ये कित्येक आठवडे मावळत नाही. रात्री बाराला खिडकीतून ऊन येत असताना झोपायला शिकणं हे मला उणे तीस अंशांपेक्षा जड गेलं.

पण काकूचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही. मुंबईत १५ मेच्या आसपास सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. सोदांकुलाला वर्षातल्या सगळ्यात उंच सूर्यालाही ४६ अंशांच्या वर चढता येत नाही. उन्हातले अतिनील किरण हे माझ्या मोजणीचं काम. त्यांचा जो यूव्ही निर्देशांक हवामानाच्या अ‍ॅपवर दिसतो, तो मुंबईत उन्हाळ्यात सहज ११ च्या पुढे जातो आणि आमच्याकडे ऐन जूनमध्ये पाच-सहाच्या घरात असतो. मग मोजायचं तर मुंबईत मोजा की!

मुंबईतही मोजावंच. पण हे किरण वरच्या वर अडवतो तो ओझोन वायू, आणि विषुववृत्ताजवळच्या पट्ट्यात तो वर्षानुवर्षं जवळपास तसाच राहतो. त्याचं खरं नुकसान होतं ध्रुवांवर. तिथल्या हिवाळ्यात वरच्या हवेत, स्ट्रॅटोस्फिअरमध्ये, तापमान उणे ७८ अंशांच्या खाली गेलं की एक विशिष्ट प्रकारचे ढग तयार होतात. जुने फ्रिज आणि स्प्रेचे डबे यांतल्या सीएफसी वायूंमधून सुटलेला क्लोरीन एरवी निरुपद्रवी संयुगांत अडकलेला असतो. या ढगांच्या कणांवर तो मोकळा होतो, आणि वसंतात पहिलं ऊन पडलं की ओझोन फोडायला लागतो. म्हणजे लांबलचक रात्र आणि त्यानंतर परतणारा सूर्य, दोन्ही लागतात. आमच्या गावाचा 'ऊन नसलेला' काळ त्या गोष्टीचा पूर्वार्ध आहे, काकू.

अंटार्क्टिकावरचं ओझोनचं छिद्र १९८५ मध्ये तीन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी जगापुढे मांडलं. ते त्यांना सापडलं, कारण हॅली नावाच्या तळावर १९५० च्या दशकापासून कोणी ना कोणी चिकाटीने ओझोन मोजत होतं. अतिनील किरणांच्या बाबतीत तसं नशीब नव्हतं. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने अंटार्क्टिकात मोजणीचं जाळं उभारलं ते १९८८ मध्ये, छिद्र पडून गेल्यावर. म्हणजे 'आधी किती होते' याची तिथे थेट नोंदच नाही, ती हिशेबाने मागे जाऊन काढावी लागते. त्यांच्या पामर तळाचे आकडे मला अजूनही थक्क करतात. ६४ अंश दक्षिणेला, हिमनद्यांच्या शेजारी, वसंतातला यूव्ही निर्देशांक कधीकधी कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोच्या भर उन्हाळ्यालाही मागे टाकतो.

आमच्या उत्तरेत छिद्र दरवर्षी पडत नाही. इथे डोंगर आणि जमिनी हवेचा प्रवाह हेलकावत ठेवतात, त्यामुळे ध्रुवाभोवतीचा थंड भोवरा लवकर मोडतो. पण २०११ आणि २०२० मध्ये तो लवकर मोडला नाही. २०२० चं तुम्हाला आठवत असेल: "लॉकडाऊनमुळे ओझोनचं छिद्र बुजलं" हा मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर तीन काकांनी आणि एका मामीने टाकला होता. लॉकडाऊनचा काही संबंध नव्हता. एप्रिलच्या शेवटी भोवरा फुटला आणि दक्षिणेकडची ओझोनयुक्त हवा आत शिरली, इतकंच. त्या वसंतात आर्क्टिकमधले अतिनील किरण नेहमीच्या मानाने खूप वाढले होते, पण सूर्यच खाली असल्यामुळे आकडा घाबरवणारा नव्हता.

बर्फाचं गणित मात्र मुंबईत वाढलेल्या माणसाला पटकन पचत नाही. कोरडी वाळू अतिनील किरण सुमारे १५ टक्के परत फेकते, ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत. वरून ढग आले तर किरण बर्फ आणि ढग यांच्यामध्ये पुन्हापुन्हा उड्या मारतात. त्यामुळे एप्रिलमध्ये, थर्मामीटर शून्याखाली असताना, स्कीइंग करून आलेले आमचे शेजारी तपकिरी झालेले असतात, आणि डोळ्यांभोवती तेवढा गॉगलचा पांढरा ठसा. हीच माणसं हिवाळाभर ड जीवनसत्त्वासाठी धडपडतात. फिनलंडमध्ये २००३ पासून दुधातच ते घालतात.

आता पगार कशाचा मिळतो ते. यंत्राचं नाव ब्रूअर. छपरावर ठेवलेली पांढरी पेटी, वर काचेसारखा क्वार्ट्झचा छोटा घुमट, आणि पेटी दिवसभर सूर्यामागे फिरते. ती प्रकाशाचे रंग वेगळे करून एकेका तरंगलांबीला किती ऊर्जा आली ते मोजते. हिवाळ्यात सूर्य नसला की पौर्णिमेच्या आसपास आम्ही तिला चंद्राकडे वळवतो आणि चंद्रप्रकाशातून वरचा ओझोन मोजतो. घुमटावरचं दहिवर पुसणं हे ज्याची पाळी त्याचं काम. डॉक्टरेट असली तरी.

पण खरं काम अंधाऱ्या खोलीत चालतं. वाण्याच्या वजनांना जसा वजनमापवाल्यांचा शिक्का लागतो, तसं आमच्या यंत्रालाही ठरावीक काळाने प्रमाणित दिव्यासमोर उभं करावं लागतं: हजार वॉटचा दिवा, नेमका वीजप्रवाह, नेमकं अंतर. आणि गंमत अशी की दिवा जितका जळेल तितका तोही म्हातारा होतो. मग त्याला तपासायला दुसरा दिवा, दुसऱ्याला तिसरा. शिवाय स्वित्झर्लंडमधल्या दावोसहून एक फिरतं प्रमाण-यंत्र युरोपभर हिंडतं आणि शेजारी बसून आमचे आकडे ताडून बघतं. एवढा जाच कशासाठी? दहा वर्षांत किरणांमध्ये होणारा बदल जेमतेम काही टक्के, आणि यंत्र आपल्या आपण सरकतं तेही तितकंच. दोन्ही वेगळे काढता आले नाहीत तर तीस वर्षांच्या नोंदीतून कळतं फक्त यंत्राचं वय.

हे मी घरी समजावतो तेव्हा कुलाब्याचा दाखला देतो. कुलाबा वेधशाळेत १८४० च्या दशकापासून पृथ्वीचं चुंबकत्व मोजत होते. मुंबईत विजेच्या ट्रामचे बेत झाले, त्या विजेने मोजमाप बिघडणार म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभी केली. पण कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे मोजलं, म्हणजे जुने आकडे नव्यांना नीट जोडता यावेत. आमच्याकडे नवा ब्रूअर आला तेव्हा हेच केलं: जुना शेजारीच चालू ठेवला. माझा फिनिश सहकारी ही अलिबागची गोष्ट आता पाहुण्यांना सांगतो, आणि 'अलिबाग'चा उच्चार माझ्यापेक्षा ठासून करतो.

"मग तीस वर्षांत सापडलं काय?" हा काकांचा प्रश्न. सापडलं ते बातमी होण्यासारखं नाही. १९८७ च्या माँट्रिअल करारामुळे सीएफसी बंद झाले आणि किरण एरवी वाढले असते तसे वाढले नाहीत. आर्क्टिकमध्ये वर्षावर्षांतला फरक बराचसा ढग आणि बर्फ यांच्यामुळे पडतो, आणि बर्फ तर आता बदलतोय. म्हणून मोजणी थांबवून चालत नाही.

२०२२ च्या आंतरराष्ट्रीय अहवालानुसार ओझोन १९८० च्या पातळीवर परतायला आर्क्टिकमध्ये साधारण २०४५ आणि अंटार्क्टिकात २०६६ उजाडेल. २०४५ पर्यंत मी निवृत्तीच्या उंबरठ्यावर असेन. तेव्हा जो कोणी छपरावर चढेल त्याला कोणता दिवा कधी, किती वेळ जळला हे माझ्या नोंदवहीतून काढावं लागेल, आणि ती वही अजून हातानेच लिहिली जाते. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "तुझं अक्षर? मग त्या माणसाचं काही खरं नाही."